न लागलेला कापूस

काकूंनी सवयीने ‘हो’ म्हटलं आणि पलंगाच्या पायथ्याशी एकदम सामसूम झाली. डोळे मिटलेले होते आणि मिटलेलेच ठेवायचे होते. ही तपासणीच तशी असते. रोग्याने डोळे मिटून पडायचं, तपासणाऱ्याने कापसाचा बोळा अंगाला कधी इथे, कधी तिथे टेकवायचा आणि लागला की रोग्याने हो म्हणायचं. यात चुकण्यासारखं काही नसतं. पण सामसूम जरा लांबलीच. पडद्यापलीकडच्या पलंगावर कुणी कुणाचा तरी गुडघा धरून पुढेमागे ओढून पाहत होतं, त्या पलंगाची कुरकुर तेवढी ऐकू येत राहिली. मग त्या चष्मेवाल्या मुलीने अगदी हळू, काकूंनाच सांभाळून घेतल्यासारखं म्हटलं, “काकू, मी आत्ता कापूस लावलाच नव्हता.” काकूंनी डोळे उघडले. मुलीचा हात पावलापासून वीतभर वर थांबलेला होता आणि चिमटीत कापूस तसाच होता. काकूंना सगळ्यात आधी काय आलं असेल तर राग आला. ही काय रीत झाली? लावायचा तर लाव, नाही तर नको लावूस. आडव्या पडलेल्या माणसाची अशी फजिती करायला तुला कुणी शिकवलं? हे सगळं त्या मनातच बोलल्या, कारण परीक्षा चालू असताना रोग्याने ठरलेल्याखेरीज काही बोलायचं नसतं.

आणि काकू रोगी नव्हत्याच मुळी. त्यासाठीच तर त्यांना बोलावलं जाई. डॉक्टरकीच्या परीक्षेला खरे रोगी आणले की ते कंटाळतात, प्रत्येक विद्यार्थ्याला निराळी हकिगत सांगतात, मध्येच रडायला लागतात आणि नेमके परीक्षेच्या दिवशी बरेही होतात. म्हणून कॉलेजने धडधाकट माणसं हाताशी धरली होती, जी सांगितलेलं दुखणं सांगितलेल्या जागी आणि सांगितलेल्या वेळी दुखवून दाखवतील. काकू त्यांच्यातल्या सगळ्यात जुन्या. शाळेच्या ऑफिसातली नोकरी संपली तेव्हापासून त्या हेच करत होत्या. कधी त्या मनगटातली नस दबलेली बाई असत, मग दोन्ही मनगटं खाली दुमडून उलटे हात एकमेकांवर टेकवले की थोड्या वेळाने त्यांच्या बोटांना मुंग्या येत. कधी कमरेचा मणका सरकलेली बाई असत, तेव्हा पाय सरळ ठेवून वर उचलला की ठरलेल्या उंचीवर त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघे, त्याच्या बोटभर आधी नाही की नंतर नाही. मुलं त्यांना परीक्षाकाकू म्हणत. परीक्षक असलेले मोठे सर एकदा चहाच्या वेळी म्हणाले होते की काकूंच्या दुखण्यावर घड्याळ लावावं. काकूंनी ते वाक्य घरी येऊन नवऱ्याला सांगितलं होतं आणि नंतर महिनाभर निरनिराळ्या निमित्तांनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं.

आज त्या मानेच्या होत्या. मान उजवीकडे कलती करून डोक्यावर वरून दाब दिला की कळ खांद्यातून थेट अंगठ्यापर्यंत उतरायची, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर असायचं. पायांना काही झालेलं नव्हतं. पाय आज त्यांचे स्वतःचे होते, तिथे खोटं काही बोलायचं नव्हतं, लागलं की लागलं म्हणायचं. सकाळपासून एकामागून एक मुलं येऊन गेली होती आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत काकूंचा जीव नुसता मेटाकुटीला आला होता. एकाचे हात बर्फासारखे, दुसऱ्याची नखं वाढलेली, तिसरा गुडघ्याखालच्या शिरेऐवजी नडगीच्या हाडावर हातोडी मारून वर ‘रिलॅक्स, काकू, रिलॅक्स’ म्हणत होता. दुखतंय का, असं विचारताना एकजात सगळे भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मान झाली, हात झाले, की पायांना कापूस लावण्यापुरता लावत. उजवा, डावा, उजवा, डावा, अंगठा, करंगळी, घोटा. लिफ्ट मजल्यामजल्यावर थांबत जावी तसं ते चाले आणि काकू त्या ठेक्यावर हो, हो, हो म्हणत जात. त्यात त्यांचं लक्ष असायची गरजच नव्हती. इतक्या वर्षांत ते सगळं अंगवळणी पडलं होतं.

या चष्मेवालीने ठेका मोडला. तिचे हात ऊबदार होते, हे काकूंनी तेवढ्यातही मनाशी नोंदवलं होतं. ती घाई करत नव्हती. उजव्या पावलाला तिने एकदा लावला, मग बराच वेळ काहीच केलं नाही, मग लागोपाठ दोनदा लावला. डाव्या पावलाकडे गेल्यावर ती विचारात पडून थांबली असावी, असं काकूंना वाटलं. ती थांबली, थांबली, थांबलीच. शेवटी आता तरी लावला असेल अशा अंदाजाने काकूंनी हो म्हटलं, ते हे. म्हणजे जिथे ती थांबली असं वाटलं तिथे ती लावत होती, आणि जिथे हो म्हटलं तिथे हात हवेत होता. हा हिशेब काकूंच्या डोक्यात उलगडेपर्यंत मुलीने हातोडी काढली होती. तिने काकूंचं पाऊल एका हाताने वर दुमडून धरलं आणि टाचेमागच्या जाड धोंडशिरेवर एक टोला दिला, मग पुन्हा दिला, मग जागा किंचित बदलून पुन्हा. मग उजवीकडे जाऊन एकच टोला दिला आणि उजवं पाऊल टुणकन उडालं.

मोठे सर पडद्याच्या आत खुर्ची टाकून बसले होते. परीक्षकाने फक्त बघायचं, रोग्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. मुलीने आधी मानेचं सगळं नीट सांगितलं, मग घसा साफ करून म्हणाली की डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला संवेदना नाहीये आणि टाचेचा रिफ्लेक्सही येत नाहीये, म्हणजे कमरेतही काहीतरी असावं. सरांनी चष्मा कपाळावर चढवला. ही मानेची केस आहे, ते म्हणाले. मुलगी म्हणाली, हो सर, पण पायात हे आहे. मग सरांनी काकूंकडे बघितलं. त्या बघण्यात शंका काडीचीही नव्हती, जुन्या ओळखीतली एक हसरी चिडचिड होती, दोघांनी मिळून पोरासोरांना सहन करताना असते तशी. “काय हो काकू? लागत होतं ना?”

“लागत होतं की,” काकू म्हणाल्या. “सगळीकडे लागत होतं.”

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा ते आपण बोललो असं त्यांना वाटलंही नाही. सर मुलीकडे वळले. ते ओरडले नाहीत. एखादी गोष्ट सापडली नाही तर आम्ही समजून घेतो, ते म्हणाले, पण नसलेली गोष्ट सापडली म्हणून सांगणारा डॉक्टर उद्या चांगल्या माणसाला कापायला घेईल. हे तुला आणखी सहा महिने शिकावं लागणार. मुलीचा चेहरा मानेपासून वरपर्यंत लाल झाला. वाद घालायला तिने तोंड उघडलं होतं, पण बाहेर घंटा वाजली आणि पुढच्या मुलाने पडद्यात डोकंही घातलं. मग तिने काय केलं, तर काकूंच्या पायातून काढलेले मोजे उचलले आणि आधी उजवा, मग डावा, टाचेची शिवण टाचेवर येईल असे नीट चढवून दिले. एवढ्या वर्षांत मोजे कुणीही चढवून दिले नव्हते. काकूंचं डोकं त्यानेच जास्त उठलं.

घरी जाताना त्या रस्ताभर त्या मुलीवर चिडत होत्या. पुलाच्या पायऱ्या उतरताना चिडल्या, औषधाच्या दुकानासमोर उभी असलेली माणसं रस्ता देत नव्हती म्हणून चिडल्या, आणि डाव्या पायातली सपात पुन्हा मागे राहिली म्हणून चिडल्या. ही सपात अलीकडे फार सैल झाली होती. काल त्यांनी चांभाराला दाखवलीही होती, आणि चांभार दोन्ही सपाता तळव्याला तळवा लावून म्हणाला होता की सारख्याच आहेत, बाई. तेव्हा त्या त्याच्यावरही चिडल्या होत्या. आता परत चार पावलं मागे जाऊन, सपातेत पाय घालून, त्या तिथेच उभ्या राहिल्या. मागून येणारा माणूस त्यांना धडकता धडकता वाचला आणि काहीतरी पुटपुटत गेला. सपात निघाली हे त्यांना कळलं कशाने? पायाला कळलं नव्हतं. पुढे चार पावलं चालून गेल्यावर एका पायाचा आवाज निराळा येतोय हे कानाला कळलं होतं. काकूंना एकदम आईचं चालणं आठवलं. आई एक पाय जरासा ओढत चाले, पाऊल टाकलं की फरशीवर चपकन आवाज येई. आई येतेय हे घरात सगळ्यांना त्या आवाजाने कळे. लहानपणी काकू तिची हुबेहूब नक्कल करत. काका, आत्या, येणारे जाणारे सगळे पोट धरून हसत, आणि सगळ्यात जास्त आई हसे, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पुन्हा कर गं, ती म्हणे. आईला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. तिचं निदान घरातल्यांनी मिळूनच करून टाकलं होतं, की ही तिची सवय आहे. आई तरी काय सांगायची? कुणी विचारलं तर म्हणायची, मला काही धाड भरलेली नाही. या जुन्या गोष्टी नेमक्या आताच आठवायचं कारण काय, म्हणून काकू स्वतःवर वैतागल्या आणि डावा पाय मुद्दाम जोरात आपटत चालू लागल्या.

नवरा पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर होता. तो कपडे शिवायचा, आता दुकान सोडून घरीच शिवायचा, आणि शिवताना तोंडात टाचण्या धरत असल्यामुळे काकूंच्या बहुतेक प्रश्नांना त्याची उत्तरं हुंकारात येत. काकूंनी पिशवी टाकली आणि चहाला लागल्या. साखर संपत आली होती, नवा पुडा वरच्या फळीवर होता. वरच्या फळीवर वस्तू ठेवायची नवऱ्याला खोडच होती. काकू टाचा उचलून चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि हात वर नेला, आणि उजवीकडे भिंतीवर कलंडल्या. डावी टाच उठलीच नाही. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. ओटा घट्ट धरून, उजवा पाय वर घेऊन, नुसत्या डाव्या चवड्यावर उभं राहायला गेल्या. मनाने त्या उठल्या, टाच मात्र जमिनीला चिकटलेली राहिली. हुकूम इथून निघत होता आणि वाटेत कुठेतरी हरवत होता. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात यायला लागलं, आणि जे जे ध्यानात येईल त्याने त्यांची आणखी आणखी चिडचिड व्हायला लागली. चहाचा डबा खालच्या फळीवर कधी आला? त्यांनीच आणला होता, कधी तरी, का ते न विचारता. पलंगावरून उतरताना त्या उजवा पाय आधी टेकायला कधी लागल्या? आणि गेल्या थंडीत कंबर धरली होती, त्या चांगल्या आठवडाभर अंथरुणात होत्या, ते काय होतं? ते दुखणं मग आपोआप गेलं होतं. इतकं साफ गेलं होतं की औषधाला आठ आणे लागले नाहीत म्हणून त्यांनी फुशारकी मारली होती. वर त्या दुखण्याचा फायदाच झाला होता. नंतरच्या परीक्षेत कमरेच्या बाईचं कण्हणं त्यांनी असं काही वठवलं होतं की सरांनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. तेव्हापासूनच्या प्रत्येक परीक्षेत पायांना कापूस लागत आला होता आणि त्या ठेक्यावर हो म्हणत आल्या होत्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्यासुद्धा नाही.

चहा उकळून सांडला. तो आवरता आवरता त्यांनी नवऱ्याला हाक मारली, कापूस घेऊन या म्हणून. तो टाचण्या काढून आला आणि कुणाला लागलं, असं विचारू लागला. कुणाला काही लागलेलं नाही, तोच तर घोळ आहे, असं काकूंनी त्याला सांगितलं आणि खुर्चीवर बसून दोन्ही पाय स्टुलावर ठेवले. त्याला समजावून सांगण्यात अर्धा जीव गेला. डोळे मी मिटणार, कापूस तुम्ही लावणार, लागला की मी हो म्हणणार, नाही लागला तर गप्प बसणार. त्याने मान हलवली आणि पहिल्याच वेळी म्हणाला, लावतो हं आता. असं सांगायचं नसतं, काकू म्हणाल्या. बरं, म्हणून त्याने लावला आणि लगेच विचारलं, लागला का? अहो, विचारायचंही नसतं. मग त्याचा श्वास ऐकू यायला लागला. लावायच्या आधी तो श्वास रोखून धरी आणि लावला की सोडी, सुईत दोरा ओवताना करतो तसं. काकूंना डोळे मिटूनही सगळं कळत होतं. आपण इतकी वर्षं हेच करत आलो, हे त्यांना कळलं. अंगाने नाही, कानांनी. शेवटी त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली.

बोटांच्या पलीकडचं सगळं आता शांत होतं. उजव्या अंगठ्याला कापूस लागला, हो. उजव्या घोट्याला लागला, हो. डाव्या अंगठ्याला लागला, हो. त्यानंतर काही नाही. काकू वाट बघत राहिल्या. आता लावला असेल, असं वाटत होतं आणि हो अगदी ओठांवर येत होतं. तो हो गिळणं ही किती जड गोष्ट आहे! कुणी विचारत असताना गप्प बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. नोकरीत साहेबांच्या प्रत्येक वाक्याला हो, घरी सासूबाईंच्या हाकेला हो, आणि म्हातारपणी पैसे घेऊन हो. त्यांनी दात आवळून धरले. कानांतली बोटं दुखायला लागली तेव्हा कुणीतरी त्यांचा गुडघा हलवला. डोळे उघडून बघतात तर नवरा जमिनीवर मांडी घालून बसलेला आणि त्याच्या हातात कापसाऐवजी कापडावर खुणा करायचा खडू. जिथे जिथे त्या गप्प राहिल्या होत्या तिथे तिथे त्याने पावलावर एकेक टिंब दिलं होतं आणि मग सवयीने सगळी टिंबं एका रेघेने जोडून टाकली होती. टाचेच्या मागून निघून, घोट्याखालून वळून, पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत पांढरी रेघ गेली होती. इथून कापायचं, असं म्हटल्यासारखी.

“चूक नाही ना झाली तुमची?” काकूंनी विचारलं.

“दोनदा मापलं,” तो म्हणाला.

मग भांडण झालं, म्हणजे काकू भांडल्या. उद्या परीक्षेचा दुसरा दिवस, संध्याकाळी निकालावर सह्या. आज गप्प बसलं तर ती मुलगी नापास होऊन सहा महिने बसेल, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी. आणि सांगितलं तर हे काम गेलंच म्हणून समजा. परीक्षेला अंगाने निरोगी माणूसच लागतो, खोट्या दुखण्याखाली खरं दुखणं असलेलं चालत नाही. हे काम म्हणजे पैसा नव्हे, पैसा कितीसा मिळतो. पण त्या इमारतीत शिरलं की पहारेकरी उठून उभा राहतो, मोठे सर नावाने नाही पण काकू म्हणून ओळखतात, पंचवीस पंचवीस वर्षांची मुलं त्यांच्या एका ‘आई गं’साठी जीव मुठीत धरून उभी असतात. ते सगळं एका पावलाच्या कडेपायी सोडायचं? दुखत तर काहीच नाहीये. त्या मुलीला एवढी खोलात शिरायला सांगितलं होतं कुणी? नवरा ऐकत होता. सगळं ऐकून तो म्हणाला, तू म्हणशील तसं. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मभर हा माणूस हेच म्हणत आला होता. घर घेतानाही तू म्हणशील तसं, लेकीला बाहेरगावी धाडतानाही तू म्हणशील तसं, आणि आता स्वतःच्या बायकोचा पाय तिला न सांगता निघून चाललाय तरी याचं तू म्हणशील तसं. तुमचं काहीच म्हणणं नाही का, त्यांनी विचारलं. तो स्टुलाजवळ तसाच बसून होता. ओला फडका आणून तो खडूची रेघ पुसत होता, खालून वर, सावकाश, आणि काकू वरून बघत होत्या. तो पुसताना त्यांना दिसत होता, पण कळत मात्र नव्हता. नवऱ्याचा हात अंगाला लागलेला कळू नये, याचं त्यांना एकदम इतकं वाईट वाटलं की भांडण्यातला जोरच गेला.

“माझं म्हणणं आहे,” नवरा खाली मान घालून म्हणाला. “तू बरी असल्याचं सोंग करू नकोस. बाकी कुठलंही कर.”

सकाळी त्या परीक्षेच्या आधीच पोचल्या. मोठे सर आपल्या खोलीत कुणाशी तरी फोनवर बोलत होते. त्यांनी हातानेच बसा म्हटलं. काकू बसल्या नाहीत. रस्ताभर त्यांनी बोलणं जुळवलं होतं, पण फोन संपला तेव्हा त्यांच्या तोंडून एवढंच आलं की काल ती मुलगी खरं बोलत होती आणि मी खोटं. सर हसले. काकू, तुमचा जीव मऊ आहे, ते म्हणाले, पण नापास झालेल्या प्रत्येकासाठी असं धावून यायचं नसतं. काकू म्हणाल्या, मला पायाला खरंच कळत नाहीये. सर आणखी हसले आणि म्हणाले की कमरेची केस आज नाही, उद्याच्या तुकडीला आहे, आणि तिची तयारी एवढी आधीपासून करायची गरज नाही, तुमचं पाठच असतं. काकूंना वाटलं, टेबलावरचा तो कागददाब उचलून स्वतःच्या डाव्या पायावर टाकावा. एवढी वर्षं खोटं बोलल्या तर शब्द न शब्द खरा मानला, आणि आज पहिल्यांदा खरं बोलतायत तर हा माणूस त्यांच्या अभिनयाला दाद देतोय. त्या सरळ कोपऱ्यातल्या तपासणीच्या पलंगावर जाऊन बसल्या, मोजे काढले, पाय खाली सोडले आणि म्हणाल्या, “सर, अभिनयाने हातोडी फसते का?”

त्यावर सर उठले. हसू अजून तोंडावर होतं, खिशातून हातोडी काढेपर्यंत होतं. उजवी टाच उडाली. डावीवर त्यांनी एकदा मारलं, मग पाऊल नीट धरून पुन्हा, मग काकूंना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोराने ओढायला सांगून पुन्हा. हसू तेवढ्यात कुठे गेलं ते कळलं नाही. त्यांनी काकूंना उभं करून एकेका चवड्यावर चढायला सांगितलं, आडवं करून पाय सरळ वर उचलला, कापूस लावला, आणि काकूंना इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुढे काय येणार ते माहीत नव्हतं. आपण केव्हा काय म्हणायचं हे कुणी सांगितलेलं नव्हतं. सर गुडघ्यावर बसून त्यांच्या पायाकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं त्याला काळजी म्हणता आली असती, पण खरं म्हणजे तो आनंद होता. अगदी स्वच्छ आहे, ते म्हणाले. इतकं स्वच्छ बघायला मिळत नाही. मग भानावर येऊन ते समजावू लागले, की मोठा फोटो काढावा लागेल, नस बहुतेक कमरेत दबून राहिली आहे, घाबरायचं काही नाही, पण आता परीक्षेला तुम्हाला घेता येणार नाही, हे लक्षात आलं ना? काकू म्हणाल्या, आलं. आणि त्या मुलीचं? ते तर बदलावंच लागेल, सर म्हणाले, आणि जरा खाकरून म्हणाले की काल मीच बघायला हवं होतं. नियम आहे म्हणून बसून राहिलो. त्यानंतर त्यांनी दार उघडलं आणि बाहेर घंटेची वाट बघत उभ्या असलेल्या मुलांना आत बोलावलं. खरं काहीतरी बघून घ्या, ते म्हणाले.

मुलं खोलीत दाटीवाटीने शिरली. कालपर्यंत काकूंपुढे घाम पुसणारी ती मुलं त्यांच्या उघड्या पावलांकडे बघत होती, आणि दोघांनी तर आधीच पुढे हात केले होते. काकू उठून बसल्या. एकाच वेळी लाज, राग आणि रडू ही तिन्ही आली, आणि त्यातला त्यांना राग तेवढा वापरता येत होता. कुणी हात लावायचा नाही, त्या म्हणाल्या. आधी ती चष्मेवाली. ती अगदी मागे, दाराला चिकटून उभी होती. तिला पुढे ढकलावं लागलं. रात्रभर रडलेली असावी, डोळे तसे दिसत होते. तिने काकूंकडे बघितलं, मग सरांकडे, मग पुन्हा काकूंकडे, आणि शिकवलं होतं त्याप्रमाणे स्टूल ओढून समोर बसली, म्हणजे रोग्याला मान वर करून बोलावं लागत नाही.

“काय होतंय, काकू? कधीपासून होतंय?”

“पंधरा दिवसांपूर्वी, डॉक्टर,” काकूंनी सुरुवात केली. आवाज छान लागला होता. “पाण्याची भरलेली बादली उचलायला वाकले आणि...”

त्या थांबल्या. कसली बादली? बादली तर कमरेच्या बाईची होती. पंधरा दिवसही तिचेच होते. त्यांनी दुसरं वाक्य शोधलं, ते मनगटाच्या बाईचं निघालं. तिसरं मानेच्या बाईचं. एवढ्या बायकांची दुखणी त्यांना तोंडपाठ होती. खोलीतली मुलं वाट बघत होती, सर वाट बघत होते, आणि समोर बसलेली मुलगी घड्याळाकडे न बघता वाट बघत होती.

“थांब गं जरा,” काकू म्हणाल्या. “हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. आठवून सांगते.”